गोदाकाठची चराई आणि पाणवेल : बंदी नको, बंदोबस्त हवा



उतारा, तोडणीचा प्रोग्रॅम, वाहतुकीचे दर आणि उसाचा हप्ता हे आपल्या पत्रिकेचे नेहमीचे विषय. ते असावेतच, कारण घर त्यावर चालते. आज मात्र थोडे बांधाच्या पलीकडे, जिथे आपले शेत संपते आणि गोदामाईचा काठ सुरू होतो, तिथल्या दोन गोष्टींवर लिहायचे आहे. एक, काठावर चरणारी जनावरे. दुसरी, पाण्यावर पसरणारी पाणवेल आणि काठावर माजलेली बेशरम. या दोन्हींचा संबंध आपल्या उसाशी नाही असे कुणाला वाटत असेल, तर त्याने हा लेख शेवटपर्यंत वाचावा एवढीच विनंती.

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे इंग्रजी अमदानीत, १९१० च्या आगेमागे, नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा बांधला गेला. हेतू सरळ होता. पाणी अडवायचे आणि डाव्या-उजव्या कालव्याने खाली कोपरगाव-राहात्याकडे न्यायचे. त्या कालव्यांवर तिकडचा ऊस उभा राहिला, कारखानदारी उभी राहिली. पण नदी नुसते पाणी आणत नाही, गाळही आणते. शंभर वर्षांत बंधाऱ्याच्या पोटात इतका गाळ बसला की पाण्याची जागा कमी होत गेली आणि त्या गाळावर बेटे, दलदल, पाणकणसाची रानं, उथळ डबकी तयार झाली. इंजिनिअरच्या हिशेबाने हा तोटा. पाखरांच्या हिशेबाने मात्र लॉटरीच लागली. हिवाळ्यात इथे चक्रवाक, थापट्या, तलवार बदक दूर उत्तरेकडून येऊन उतरतात. पाणकोंबड्या, पाणकावळे, चमचे तर वर्षभर आहेतच. पक्षीतज्ज्ञ डॉ. सालीम अली यांनी या जागेला महाराष्ट्राचे भरतपूर म्हटले. १९८६ साली अभयारण्य जाहीर झाले आणि जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालेल्या यादीत १,४३७ हेक्टरांचा हा पाणथळ पट्टा महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरला. रामसर म्हणजे इराणमधले एक गाव. तिथे १९७१ साली पाणथळ जागा राखण्याचा करार झाला, त्यावरून हे नाव.

हे सगळे मानाचे झाले. पण मान मिळाला की त्यापाठोपाठ नियमांची चर्चा येते. चांदोरी-सायखेड्यापासून खाली चापडगाव, मांजरगाव, खाणगाव थडीपर्यंत काठावर बसणाऱ्या माणसाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हाच की, आता आमच्या म्हशी कुठे न्यायच्या? चारचौघांत विषय निघाला की दोन तट पडतात. एक म्हणतो, पाखरांसाठी जागा राखायची तर जनावर पूर्ण बंद करा, तार घाला, मोकळे व्हा. दुसरा म्हणतो, वाडवडलांपासून इथे गुरं चरतात, कोण आम्हाला अडवतो ते बघू. माझे मत असे की दोघांचेही निम्मेच बरोबर आहे, आणि निम्म्या बरोबर मतावर पूर्ण निर्णय घेतला की काय होते याचा दाखला खुद्द भरतपूरनेच दिलेला आहे.

राजस्थानातल्या भरतपूरचे केवलादेव म्हणजे सुमारे २९ चौरस किलोमीटरचे पाणथळ रान. तेही निसर्गाने एकट्याने केलेले नाही. संस्थानिकांनी बांध घालून, कालव्याचे पाणी सोडून शिकारीसाठी तयार केलेले. आजूबाजूच्या गावांच्या म्हशी त्यात पिढ्यान्‌पिढ्या चरत आल्या. पुढे ते राष्ट्रीय उद्यान झाले. राष्ट्रीय उद्यानात कायद्याने चराई चालत नाही, म्हणून नोव्हेंबर १९८२ मध्ये चराई एकदम बंद झाली. पर्यायी चाऱ्याची सोय नाही, गावाशी नीट बोलणे नाही. गावकरी आणि पोलीस समोरासमोर आले, गोळीबार झाला, माणसे मेली. एवढी किंमत मोजून बंदी आली. मग पाखरे वाढली का? तर नाही! मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेने, म्हणजे बीएनएचएसने, १९८० ते १९९० अशी दहा वर्षे तिथे अभ्यास केला होता. त्यात दिसले ते असे. म्हैस पाण्यात उतरून जे पाणगवत खात होती ते तिच्यामागे मोकाट वाढले. उथळ पाण्यावर त्याची गादी झाली. बदकांना पोहायला उघडे पाणी उरले नाही, मासळीची जागा आक्रसली, पाखरांची संख्या घटली. बंदीला ज्या संस्थेच्या थोरामोठ्यांचा पाठिंबा होता, त्याच संस्थेने शेवटी सांगितले की म्हशी हा या रानाच्या व्यवस्थेचा भाग होता, मर्यादित चराई असावी. तोवर राष्ट्रीय उद्यानाचा कायदा आड आला. मग गावकऱ्यांना गवत कापून डोक्यावरून नेण्याची मुभा द्यावी लागली. म्हणजे म्हशीचे काम विळ्याने करायचे!

आता कुणी सभासद म्हणेल, झालं तर मग, म्हशी सोडा खुशाल. थांबा. जनावर तणाचा शत्रू असते तसेच ते तणाचा सालगडीही असते. कसे ते बघा.

जनावर जिभेला गोड लागेल ते खाते. हरळी खाते, कोवळे पाणगवत खाते, लव्हाळ्याचे कोंब खाते. बेशरमेला तोंड लावत नाही. ती विषारी आहे. भुकेपोटी शेळ्या तिला लागल्या तर झिजतात, लटपटतात आणि मरतात. गाजरगवत खात नाही. मग ज्या काठावर दिवसभर आणि बारा महिने गुरे बसतात, तिथे चांगले गवत मुळापासून संपते आणि न खाल्लेली तणे मोकळ्या जमिनीवर राज्य करतात. वेड्या बाभळीचे तर आणखी उलटे. तिच्या शेंगा गोड, जनावर आवडीने खाते, बी पचत नाही, शेणातून जिथे पडेल तिथे खतासकट पेरले जाते. बेशरमेची कांडी तर आपल्या उसाच्या टिपरीपेक्षा सोपी. चिखलात नुसती पडली तरी फुटते. पुष्कळ ठिकाणी ती कुंपणासाठी म्हणून आपणच लावली आणि पुराने पुढे नेली. गाजरगवत १९५० च्या दशकात पुण्याजवळ लोकांच्या नजरेत भरले आणि पुढे देशभर बांधाबांधावर पोहोचले, हे वेगळे सांगायला नको.

म्हणजे प्रश्न चराई असावी की नसावी असा नाहीच. कोणते जनावर, किती, कुठे आणि कोणत्या महिन्यात, असा आहे. आपण उसाला पाणी देतो तेव्हा ‘पाणी चांगले की वाईट’ असा वाद घालत नाही, पाळी ठरवतो. चराईचीही पाळी ठरवता येते.

माझ्या समजुतीप्रमाणे ती अशी बसावी. पावसाळ्यात पाणकणसात, लव्हाळ्यात पाणकोंबड्या आणि कमळपक्षी घरटी करतात, तेव्हा त्या भागात जनावर नको. आणि तसेही तेव्हा बांधावर, माळावर हिरवे असते. पाऊस सरला, पाणी उतरू लागले, म्हणजे दसऱ्याच्या पुढे, तेव्हा काठाच्या ओल्या पट्ट्यात म्हशी आणि गाई जरूर जाव्यात. पाणगवत वाढून आडवे पडलेले असते, ते खाल्ले गेले की उथळ पाणी उघडे होते आणि हिवाळी बदकांना नेमके तेच लागते. पट्टकादंबासारखा हंस तर आखूड, कोवळ्या गवतावरच चरतो. गुडघाभर वाळल्या गवतात तो उतरणार नाही. पुढे होळीनंतर पात्रात वाळूचे आणि गाळाचे उघडे पट्टे निघतात. टिटवी, नदी सुरय हे पक्षी अशा उघड्या जागीच नुसत्या खळग्यात अंडी घालतात. एक कळप गेला की सगळी फुटतात. म्हणून मार्च ते पहिला पाऊस या काळात बेटे आणि वाळवंट बंद, काठाचे ठरवून दिलेले पट्टे चालू. शेळ्या-मेंढ्यांना उघड्या दरडीवर मुळीच नको, कारण त्या गवत मुळाशी कुरतडतात आणि दरड ढासळते. ठेलारी-धनगर बांधव मेंढरे घेऊन येतात त्यांना आपण आपल्या मोकळ्या शेतात बसवतोच, खतासाठी. पाचट काढलेले, खोडवा न ठेवलेले रान त्यांना दिले तर त्यांचीही सोय आणि काठही वाचतो.

कायदा याच्या आड येतो का? इथे भरतपूरचे आणि आपले एक मोठे अंतर आहे. नांदूरमध्यमेश्वर हे राष्ट्रीय उद्यान नाही, अभयारण्य आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात राष्ट्रीय उद्यानात चराईला थारा नाही, पण अभयारण्यात मुख्य वन्यजीव रक्षकाला चराईचे नियमन करता येते, ती मर्यादित करता येते किंवा बंदही करता येते. म्हणजे दार उघडे आहे, पण किल्ली त्यांच्याकडे आहे. ती मागायला गावाने हातात काहीतरी घेऊन गेले पाहिजे. गुरांची मोजणी केलेली यादी, पट्ट्यांचा नकाशा, महिन्यांचे वेळापत्रक. नुसती निवेदने आणि घोषणा घेऊन गेलो तर उत्तरही घोषणेसारखेच मिळेल.

त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे, ते आपल्या फायद्याचे आहे. अभयारण्यात आणि त्याच्या पाच किलोमीटरच्या आतल्या पाळीव जनावरांना साथीच्या रोगांची लस टोचण्याची व्यवस्था करायची आहे, आणि टोचल्याशिवाय जनावर आत चरू द्यायचे नाही. लाळ्या-खुरकूत, घटसर्प यांचे लसीकरण आपल्याला हवेच असते. २०२२ साली लंपीने काय केले ते कुणी विसरलेले नाही. दलदलीत चरणाऱ्या जनावराला गोगलगायींमुळे यकृताचा पर्णकृमी होतो, जनावर खंगते, दूध आटते आणि आपण म्हणतो पेंड कमी पडली. पशुसंवर्धन खात्याबरोबर शिबिर घेऊन टोचणी आणि जंताचे औषध एकदम दिले, कानातल्या बिल्ल्यावरून यादी केली, तर चराईचा पास आणि जनावराची तब्येत ही दोन्ही कामे एका दिवसात होतील.

आता पाणवेल. ही मूळची दक्षिण अमेरिकेची. निळ्या फुलांच्या शोभेसाठी म्हणून इंग्रजांच्या काळात बंगालात आली, आणि १९३६ साली तिच्या निर्मूलनासाठी तिथे खास कायदा करावा लागला. अनुकूल पाण्यात ती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. हिशेब करा. आज एक गुंठा असली तर दोन महिन्यांत सोळा गुंठे आणि चार महिन्यांत सहा एकरांच्या वर. बी चिखलात वर्षानुवर्षे जिवंत राहते. रामसर स्थळाच्या नोंदीतही या जागेला असलेल्या धोक्यांत पाणवेलीचे नाव आहे.

ती इथे एवढी का माजते? कारण तिला आपण जेवायला वाढतो. नाशिक शहराचे सांडपाणी हा त्यातला मोठा वाटा, यात शंका नाही, आणि शहराने आपले पाणी पूर्ण शुद्ध करूनच नदीत सोडावे ही आपली मागणी रास्तच आहे. पण शहराकडे बोट दाखवून आपल्याला गप्प बसता येणार नाही. सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे. ते सगळे युरियातून दिले तर ४५ किलोच्या सुमारे १२ गोण्या होतात. पुष्कळ शेतकरी शिफारशीवर थांबत नाहीत, आणि वरून पाटाने मोकाट पाणी सोडतात. उसाच्या मुळाने घेतले नाही ते नत्र पाझरून किंवा वाहून कुठे जाते? नदीतच. गोणीचे पैसे आपले, पीक पाणवेलीचे! काठाला अगदी पाण्यापर्यंत सरी ओढण्याची जी खोड लागली आहे तीही सोडली पाहिजे. काठाला दहा-पंधरा फुटांचा हरळीचा पट्टा राखला तर वाहून येणारी माती आणि खत त्यात बरेचसे अडते, दरड धरून राहते, आणि म्हशीला कापून घालायला चारा मिळतो. एका सरीचा ऊस जाईल हे खरे. पण पुरात दरडीसकट तीन सऱ्या जातात तेव्हा पंचनाम्याला आपण कुणाकुणाचे पाय धरतो!

पुराचे म्हणाल तर ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ ही दोन वर्षे सायखेडा-चांदोरीकरांना सांगायला नकोत. गंगापूर-दारणेतून पाणी सुटले की नदीतली सारी पाणवेल गाद्यांच्या गाद्या होऊन खाली येते आणि पुलाच्या मोऱ्यांना, बंधाऱ्याच्या दरवाजांना बसते. पुराचे मूळ कारण पाऊस आणि विसर्ग हेच, पण वाट तुंबली की पाणी आणखी चढते. तेव्हा जेसीबी लावून पुलावरून ती ओढणे हे दुखणे विकोपाला गेल्यावर वैद्य बोलावण्यासारखे आहे. उन्हाळ्यातही नुकसान आहेच. उघड्या पाण्यापेक्षा पाणवेलीने झाकलेल्या पाण्यातून जास्त वाफ जाते, मोटारीच्या फुटव्हॉल्व्हला ती गुंडाळते, आणि जाळे टाकणाऱ्या भोई-कोळी बांधवांचा धंदा बसतो.

काहीजण म्हणतात, फवारा मारा. उसातल्या रुंद पानाच्या तणाला आपण टू-फोर-डी मारतोच, पाणवेलही तिने जळते. मी या गोष्टीच्या ठाम विरोधात आहे. एक तर जळलेली वेल तिथेच सडते, पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे मरतात, आणि सडून सुटलेले अन्न पुढच्या वेलीला मिळते. दुसरे म्हणजे हा निफाड तालुका आहे. टू-फोर-डीचा वास वाऱ्यावर गेला तरी द्राक्षाची पाने वेडीवाकडी होतात. नदीवर फवारायचे आणि काठच्या बागाईतदाराचा हंगाम बुडवायचा, असले भांडण आपल्याला विकत घ्यायचे आहे काय? आणि तेच पाणी खालची गावे पितात.

पाणवेल खाणारे छोटे भुंगे १९८३ पासून आपल्या देशात सोडले जात आहेत. बंगळूरकडच्या तळ्यांत त्यांनी चांगले काम केले, आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरातही १९९० च्या दशकाच्या अखेरीस गुण दिसला. पण ते काम साठलेल्या पाण्यात आणि चार-दोन वर्षांच्या सबुरीने होते. आपल्या नदीला दर पावसाळ्यात पूर येतो, वेलीबरोबर भुंगेही वाहून जातात. सोडावेत, बाजूच्या डबक्यांत ते टिकतील; पण त्यांच्या भरवशावर बसू नये.

मग राहते ते हाताचे काम, आणि इथे कारखान्याचा संबंध येतो. गळीत हंगाम मार्च-एप्रिलच्या सुमारास संपतो. ट्रॅक्टर, ट्रॉल्या मोकळ्या होतात, रोजंदारीचा हात रिकामा होतो. नेमके त्याच वेळी नदीचे पात्र आटून पाणवेल डोहाडोहात गोळा झालेली असते. एप्रिल-मे हे दोन महिने म्हणजे तिची मान आपल्या हातात असण्याचा काळ. तेव्हा ओढून काठावर, पुराच्या रेषेच्या वर टाकली आणि वाळू दिली, तर पावसाळ्यात खाली येणारा माल निम्म्यावर येईल असा माझा अंदाज आहे. ताज्या वेलीत शंभरात नव्वदच्या वर भाग पाण्याचा असतो, म्हणून ओली वाहणे म्हणजे डिझेल जाळून पाणी वाहणे. वाळवून मगच ट्रॉलीत भरावी. बेटांवर अंडी असतात ते हेच दिवस, म्हणून बेटांना हात न लावता काठाच्या बाजूनेच ओढावी, आणि अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या देखरेखीखाली.

वाळलेली वेल कारखान्याच्या कंपोस्ट यार्डावर प्रेसमडमध्ये मिसळता येते. एक खबरदारी मात्र घ्यावी. शहराच्या आणि कारखानदारीच्या पाण्यातले जड धातू ही वेल मुळात साठवते. म्हणून प्रत्येक हंगामात नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा आणि खात्री होईपर्यंत ते खत भाजीपाल्याला देऊ नये. बेशरमेचे काम वेगळे. ती कापून भागत नाही, पावसाआधी मुळासकट उपटावी लागते, आणि उपटलेली कांडी पाण्यात तर मुळीच टाकायची नाही. भरतपूरकडे वेडी बाभूळ काढण्याचे काम गावकऱ्यांना देऊन लाकूड त्यांनाच नेऊ दिले गेले. आपल्याकडेही वेड्या बाभळीचे सरपण, ती काढणाऱ्यालाच मिळाले, तर मजुरीचा बोजा हलका होईल.

खर्च कुणी करायचा? हा प्रश्न येणारच, आणि यायला हवा. सगळा कारखान्याने करावा असे मी म्हणणार नाही. उसाच्या हप्त्यातून नदी साफ करा म्हटले तर पहिला विरोध माझाच असेल. कारखान्याने ट्रॅक्टर-ट्रॉलीची जुळणी करावी, यार्ड द्यावे, खत ना-नफा दराने सभासदांना विकावे. पाणी जलसंपदा खात्याचे, अभयारण्य वनखात्याचे, सांडपाणी महापालिकेचे. मजुरी आणि डिझेल यांत या तिघांचा वाटा असला पाहिजे, आणि तो लेखी मागितला पाहिजे. एकट्या गावाच्या अर्जाला कोण विचारतो? हजारो सभासदांच्या संस्थेचा ठराव गेला तर निदान फाईल उघडावी लागते.

एक गोष्ट मला विशेष सांगायची आहे. काठावर चारणारे सगळेच आपले सभासद नाहीत. पुष्कळांना जमीनच नाही. दोन म्हशी आणि एक विळा एवढाच त्यांचा संसार. चराईचे वेळापत्रक ठरेल तेव्हा पहिली झळ त्यांना बसेल. एकरी टनांच्या गप्पा मारणाऱ्यांनी काठ बंद करायचा आणि झळ त्यांनी सोसायची, हा न्याय नव्हे. हंगामात आपल्या फडात वाढे निघते. त्यातले तोडणी टोळीच्या बैलांचे सोडून उरलेले वाढे काठच्या गावांतल्या भूमिहीन गुरेवाल्यांना रास्त दरात मिळावे, त्याचा मुरघास करून उन्हाळ्याला पुरवावा, अशी तजवीज शेतकी खात्याने केली तर मार्च ते जून हे बंदीचे महिने त्यांना निभावता येतील. चराई समितीतही त्यांच्यातली दोन माणसे हवीत, आणि त्यात एक बाई हवी, कारण धार काढणारी तीच आहे.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय’ या सदरात टाकला जाऊ नये. त्या वेळेपर्यंत निम्मी सभा चहाकडे गेलेली असते. तो रीतसर विषयपत्रिकेवर, नोटिशीत छापून यावा : काठच्या गावांतील जनावरांची मोजणी, लसीकरण शिबिर, चराईच्या वेळापत्रकाचा प्रस्ताव वनखात्याकडे पाठवणे, आणि एप्रिल-मेमध्ये पाणवेल काढण्यासाठी मोकळ्या वाहनांची यादी. आपापल्या गटातून ज्यांना या कामात नाव द्यायचे असेल त्यांनी ते गटाच्या शेतकी मदतनिसाकडे लिहून द्यावे. ज्यांचा याला विरोध असेल त्यांनीही तो लिहूनच द्यावा, म्हणजे सभेत आरडाओरड करायची वेळ येणार नाही.

— काठच्या गटातील एक सभासद